तिसरा माग

बॉस्टनहून बस निघाली तेव्हा
परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसनं प्रत्येकाला
एक सफरचंद, एक सँडविच आणि एक नकाशा दिला.
लोवेल. लाल विटांचं गाव.
नदीतून काढलेले कालवे,
कालव्यांच्या काठानं पाच-पाच मजली गिरण्या,
मनोऱ्यात एक घंटा
जिला आता कोणी घाबरत नाही.

अजोआ पाण्याचे फोटो काढत होती.
मी खिडक्या मोजत होते.
सवयच ती. कुठलीही शेड दिसली
की बाबा खिडक्या मोजून सांगायचे
आत किती माग बसतील.

दाराशी लूसियन नावाचा म्हातारा.
गॅलिसची पँट, हातात पेटी,
पेटीत कानात घालायचे पिवळे बोळे.
"सगळे माग चालवत नाही आम्ही," तो म्हणाला,
"आज सहाच आहेत. तरी घ्या."
सगळ्यांनी घेतले, घातले.
मी घेतले आणि खिशात टाकले.

दार उघडलं
आणि इचलकरंजी.

तीच खटखट, पायाखाली तीच थरथर,
तेलाचा आणि सुताच्या धुळीचा तोच वास.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
गावाला निघालेलं माणूस काहीतरी विसरून
पुन्हा पुन्हा घरात शिरतं तसा.
थुईनं बोळ्यांवरून कान दाबून धरले.
मला जांभई आली.
लाज वाटली, पण आली.
याच आवाजात मी अठरा वर्षं झोपले,
भिंतीपलीकडे आमचे आठ माग.
रात्री लाईट गेली की माग थांबायचे
आणि शांततेनं दचकून
अख्खी गल्ली जागी व्हायची.

लूसियन काहीतरी सांगत होता.
बाकीचे एकमेकांकडे बघत होते.
मला सगळं कळत होतं:
शेतावरून आलेल्या मुली, तेरा-तेरा तास काम,
एका पलंगावर दोघी,
घरी पाठवलेला पगार, भावाचं कॉलेज.
भावाचं कॉलेज, तो दोनदा म्हणाला.
ओठ वाचायला मी शाळेच्या आधी शिकले.
आई आणि कांड्या भरणाऱ्या बायका
अशाच बोलायच्या. चुगल्यासुद्धा.

मी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा.
बाबांनी लगेच उचलला.
माग विकल्यापासून त्यांना झोप लागत नाही.
(किलोवर गेले. भंगारवाल्यानं धोटेसुद्धा तोलले.
इथं नुसतं बघायला तिकीट आहे,
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.)
बोलले काहीच नाही.
कठड्यावरून हात लांब करून
फोन आत धरला, मिनिटभर.

मग कानाला लावला.
"सहा हायत न्हवं?" बाबा ओरडले.
"त्यातला एक लंगडतोय. पिकर ढिला हाय.
सांग त्यास्नी. आज न्हाई तर उद्या
धोटा उडंल, कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

मी एकेका मागापाशी उभी राहिले.
तिसरा.
लूसियनला ओठांनीच सांगितलं.
आधी हसला. मग वाकला,
लाकडावर तळवा टेकवून बराच वेळ तसाच राहिला,
ताप बघतात तसा.
आणि त्यानं खटका ओढला.
पाचांचा आवाज सहांपेक्षा एकटा वाटतो.
"कोण?" त्यानं ओठांनी विचारलं.
मी फोनकडे बोट दाखवलं.

खाली दुकानात त्याच मागांवरचे
भांडी पुसायचे टॉवेल होते.
बाबांनी किंमत विचारली, मी सांगितली.
पलीकडे काहीच नाही.
मला वाटलं, फोन कटला.

"सोळा डॉलर," ते म्हणाले.
"म्हंजे मीटरला किती पडलं?"

मी टॉवेल काउंटरवर पसरला
आणि वितीनं मोजू लागले.
बाहेर बस सुरू झाली होती,
अजोआ काचेवर टकटक करत होती.
"थांब," मी म्हटलं, "काठ धरून मोजायचा का सोडून?"
"धरून," बाबा म्हणाले. "काठाला पण सूत लागतंय की."